चाळीस बायका पंधरा दिवसांत चार का झाल्या?

प्रश्न: मी एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. महिलांसाठी व्यायामाचं महत्त्व सांगणारी तीन व्याख्यानं गावात घेतली, पत्रकं वाटली, शाळेच्या मैदानावर रोज सकाळी सहाचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी चाळीस जणी आल्या, पंधराव्या दिवशी चार. बायकांना आरोग्याची जाणीवच नाही, असं सगळे म्हणतात. ही जाणीव कशी वाढवू? की वर्ग बंद करू?

उत्तर:

वर्ग बंद करू नका. तुमचा आकडा तसा बराच म्हणायचा. मी फिजिओथेरपिस्ट. बावीस वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात पहिला वर्ग घेतला तेव्हा पस्तीस जणी आल्या होत्या आणि आठव्या दिवशी मैदानावर मी आणि अंगणवाडीताई अशा दोघीच उरलो. त्यातली अंगणवाडीताई माझ्या भिडेखातर आलेली.

आता ‘जाणीव नाही’ या म्हणण्याबद्दल. गळालेल्या छत्तीस जणींपैकी कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसा आणि विचारा, ‘मावशी, चालल्याने काय होतं?’ साखर आटोक्यात राहते, बीपी उतरतं, गुडघे धरत नाहीत, झोप लागते, हे त्या घडाघडा सांगतील. तुमच्या पत्रकात आहे त्याहून जास्तच सांगतील, कारण प्रत्येकीच्या घरात एक तरी साखरेचा पेशंट आहे आणि डॉक्टरांचं बोलणं त्यांनी दाराशी उभं राहून ऐकलेलं आहे. माहिती त्यांच्याकडे आहे. त्यांच्याकडे नाही ती मुभा. स्वतःच्या अंगासाठी अर्धा तास काढला तर कुणी कपाळाला आठी घालणार नाही, ही खात्री. आपण आरोग्यशिक्षण म्हणून जे करतो ते सगळं त्या बाईच्या डोक्यात माहिती ओतण्यासाठी असतं. मुभा द्यायची की नाही हे ठरवणारी माणसं तर त्या व्याख्यानाला आलेलीच नसतात.

पहिलं काम म्हणजे सहाची वेळ कुणी ठरवली ते आठवा. बहुधा तुम्ही. आपल्याला पहाटेची हवा चांगली वाटते. पण गावात सहाला नळाला पाणी येतं, गोठ्यात धार काढायची असते, पोरांचे डबे असतात, पाहुणा असला तर अंघोळीचं पाणी. पहिल्या दिवशी चाळीस जणी आल्या त्या तुमचा मान ठेवायला.

मी आता नव्या गावात पहिल्या बैठकीत व्यायामाचा शब्दही काढत नाही. प्रत्येकीच्या पुढ्यात हरभऱ्याचे चोवीस दाणे ठेवते. एक दाणा म्हणजे एक तास. जमिनीवर खडूने चौकटी आखलेल्या असतात: झोप, स्वयंपाक, पाणी, शेत, गुरं, पोरं, आजारी माणूस, देवधर्म, टीव्ही, गप्पा, आणि एक रिकामी चौकट, ‘स्वतःसाठी’. बायका दाणे मांडत जातात, अधूनमधून एकमेकींचे बघून हसतात. बहुतेकींचे दाणे ‘स्वतःसाठी’पर्यंत पोचायच्या आत संपतात. मग मी त्यांना नवऱ्याचे चोवीस दाणे मांडायला सांगते. तिथे हसू जरा वेगळं होतं. देशभराच्या पाहणीतही हेच दिसतं. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८ जातात, आणि मुळात ते करणारे पुरुषच थोडे.

या खेळातून मला दोन गोष्टी मिळतात. कुठल्या वेळेला दाणा हलवता येईल ते कळतं. आमच्याकडे बहुतेक वेळा दुपारी दोन ते चार, किंवा संध्याकाळच्या धारेनंतर आणि चूल पेटवायच्या आधीची चाळीस मिनिटं. आणि दुसरं म्हणजे ‘वेळ नाही’ हे बाई बोलली की आपण त्याला सबब म्हणतो. दाणे मांडलेले पाहिले की तसं म्हणायची आपलीच हिंमत होत नाही.

आता तुम्हाला हमखास ऐकावं लागलं असेल ते वाक्य: ‘दिवसभर राबते की, आणि वर व्यायाम कशाला?’ याला ‘घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे’ असं ठोकळेबाज उत्तर आपल्या क्षेत्रात दिलं जातं. मीही पूर्वी द्यायचे. ते अर्धं चूक आहे आणि ऐकणाऱ्या बाईचा अपमान करणारं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की काम, घर, प्रवास, खेळ, कुठलीही हालचाल धरायची. मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची, किंवा ७५ ते १५० मिनिटं जास्त दमाची हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची, ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली. मध्यम दम ओळखायची खूण सोपी: चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणायला गेलं तर मध्येच श्वास घ्यावा लागतो.

म्हणून प्रत्येक बाईला वेगळं बघावं लागतं. भुईमूग खुरपणारी बाई सात-आठ तास उकिडवी बसून पुढे सरकते. तिची कंबर आणि गुडघे रोज ताणले जातात, पण त्यातून छातीचा ठोका फारसा वाढत नाही, आणि विश्रांती मिळायच्या आत दुसऱ्या दिवशी तेच. कामावरच्या कष्टाचा आणि आपल्या मर्जीने केलेल्या व्यायामाचा शरीरावर सारखा परिणाम होत नाही, असं बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. जड काम तासन्‌तास चालतं, त्याचा वेग दुसरा कुणीतरी ठरवतो, थांबायची सोय नसते. अशा बाईला ‘रोज पाऊण तास चाला’ सांगणं म्हणजे तिच्या दिवसात नववा तास घालणं. तिला हवं ते उलट: मधल्या सुट्टीत पाठ मागे वाकवणं, मांडीच्या आणि पाठीच्या स्नायूंना ताकद देणारे चार प्रकार, खुरपताना पाटावर बसणं, ओझं छातीशी धरून उचलणं. सोलापूरकडे विडी वळणारी बाई किंवा घरी शिवणयंत्रावर बसणारी बाई याच्या बरोबर उलट. ती थकते, पण बसून थकते. तिला उठवायचं, चालवायचं. आणि सातारा-सांगलीतल्या, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणारी, घरात मिक्सर, वॉशिंग मशीन आणि भांड्यांना मावशी असलेली बाई दिवसभर ‘कामात’ असते हे खरं, पण तिची पावलं स्वयंपाकघर ते हॉल एवढीच. तिने मात्र ‘राबते’ म्हटलं तर मी प्रेमाने का होईना, वाद घालते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपुढे तर व्यायामाचं व्याख्यान देऊच नका. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईला आपण हालचाल शिकवायची? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर राज्यभर चर्चा झाली ती आठवत असेल. तिशी-पस्तिशीत पिशवीसोबत अंडाशयंही काढली गेली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा बायकांसाठी आरोग्यशिक्षण म्हणजे कॅल्शियम, विश्रांती, पाणी, आडोशाचं शौचालय आणि तोल सांभाळायचे व्यायाम, याच क्रमाने.

हे सगळं सांगतेय कारण ‘बायका पुरेशी हालचाल करत नाहीत’ हा मोठा आकडा तुमच्याही प्रशिक्षणात दाखवला असेल. तो खोटा नाही. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातल्या सुमारे ५७ टक्के बायकांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. पण ती ५७ टक्क्यांतली बाई तुमच्या गावात नेमकी कोणत्या गल्लीत राहते ते तुम्हालाच शोधायला हवं. सगळ्यांना एकच पत्रक वाटलं की ते सगळ्याच जणी डाळीच्या डब्याखाली घालतात.

माझ्या चुकांपैकी दोन सांगते, त्या तुम्ही करू नका.

पहिली, वजनकाटा. मी सुरुवातीला दर आठवड्याला वजन करायचे. वहीत आकडा, वर बाण. सहा आठवडे नेटाने चालणाऱ्या बायकांचा काटा जागचा हलेना. एकीचं तर वाढलं. त्या आठवड्यात निम्म्या गळाल्या आणि दोष त्यांचा नव्हता. नुसतं चालून, जेवण तेच ठेवून वजन फारसं उतरत नाही, हे मला शास्त्र म्हणून माहीत होतं. तरी लोकांना वजनाची भाषा कळते म्हणून मी तीच वापरली. चालण्याने जे बदलतं ते काट्यावर दिसत नाही. झोप सुधारते, जिना चढताना लागणारा दम कमी होतो, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, बीपी थोडं उतरतं. आता मी काट्याऐवजी खुर्ची वापरते. हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. शाळेतली प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकते. पहिल्या दिवशी आठ होतात, तीन आठवड्यांनी अकरा होतात, आणि ती बाई घरी जाऊन सगळ्यांना सांगते. कंबरेचा घेर मात्र सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी असा दोनदा घेते, कारण आपल्याकडच्या बाईला ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की साखरेचा धोका वाढतो, मग ती दिसायला बारीक का असेना. पण तो आकडा तिच्या कानात सांगायचा, मोठ्याने नाही.

दुसरी चूक, प्रशिक्षक. मी शहरातून एक विद्यार्थिनी आणली होती. मुलगी गुणाची, ट्रॅकसूट घातलेली, रबरासारखी वाकणारी. बायका कौतुकाने बघत बसल्या. कुणी उठलंच नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलं की, आपल्यासारख्या माणसाला जमताना पाहिलं की, विश्वासातल्या कुणी सांगितलं की, आणि ते करताना अंगाला बरं वाटलं की. मी आणलेली विद्यार्थिनी ‘आपल्यासारखी’ नव्हतीच. पुढच्या गावात मी एका पंचावन्न वर्षांच्या, नऊवारीतल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या काकूंना दोन आठवडे एकटीला शिकवलं. त्या खुर्चीवरून दहा वेळा उठल्या तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, ‘आक्काला जमतंय, मग आपल्याला काय धाड भरलीय?’ तो वर्ग अजून चालू आहे. अशी बाई शोधताना बचत गटाची अध्यक्ष किंवा बोलकी म्हणून निवडू नका. संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर बायका आपसूक जमतात ते बघा.

तुमच्याकडे टिकलेल्या चौघींशीही बोला. त्या येतात कशा, हे फार कामाचं आहे. एकीची सासू वारली असेल, एकीचा नवरा बाहेरगावी असेल, एकीची सून डबे करत असेल. किंवा एखादी शहाणी असेल आणि तिने घरी सांगितलं असेल की डॉक्टरांनी लिहून दिलंय. हे शेवटचं ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून खरोखरच चिठ्ठीवर लिहून घेते: ‘रोज ३० मिनिटे चालणे, संध्याकाळी ५ नंतर.’ गोळ्यांच्या खाली, तारखेसकट, सहीसकट. तो कागद बाईसाठी नसतोच. तो घरातल्यांना दाखवण्यासाठी असतो, आणि चालतो.

ही मुभेची गोष्ट मला सगळ्यात नीट कळली ती वारीमुळे. ज्या घरातली सासू ‘रस्त्यानं हिंडायला काम नाही का घरात?’ म्हणते, त्याच घरातून बाई आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालत जाते, आणि सासू तिच्या पाया पडते. तेच पाय, तोच रस्ता. फरक इतकाच, की वारीतल्या चालण्याला लोकांच्या लेखी अर्थ आहे, आणि सोबत दिंडी आहे. तेव्हापासून आमच्या दोन गावांत ‘वारीची तयारी’ असते. पाडव्याला सुरू करायची, आठवड्यातून पाच दिवस, आधी मारुतीच्या देवळापर्यंत, मग कॅनॉलपर्यंत, मग शेजारच्या वाडीपर्यंत. आषाढीपर्यंत तीन महिने मिळतात. वारीला प्रत्यक्ष जाणाऱ्या थोड्याच. बाकीच्या नुसती तयारी करतात आणि कुणी काही म्हणत नाही. तुमच्या गावात वारकरी नसतील, मुस्लिम किंवा बौद्ध वस्ती मोठी असेल, तर हे जसंच्या तसं उचलू नका. कोणत्या कारणासाठी इथली बाई बिनबोभाट घराबाहेर पडते, ते शोधा. कुठे दूध घालायला, कुठे पोराला शाळेत सोडायला, कुठे बुद्धविहारात.

मंगळागौरीचे खेळ हा असाच जुना ठेवा. फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी, सूप नाचवणं. दहा मिनिटांत धाप लागते, पाय, कंबर, खांदे सगळं हलतं, आणि हसण्याची भर. पण दोन गोष्टी सांभाळा. मंगळागौर नव्या सवाष्णींची. तेच नाव ठेवलंत तर विधवा आणि परित्यक्ता बायका दारात उभ्या राहतील. मी श्रावण सोडून खेळते आणि त्याला नुसतं ‘खेळ’ म्हणते. दुसरं, बसफुगडी गुडघेदुखीवाल्यांना नको आणि गरगर फिरणं चक्कर येणाऱ्यांना नको. त्यांना टाळ्यांचा झिम्मा द्या.

आता सासू आणि नवरा. सासूला शत्रू मानू नका. तिचेच गुडघे सगळ्यात वाईट असतात. आमच्याकडे दुपारचा वर्ग आधी साठीच्या पुढच्यांसाठी काढला: खुर्चीवर बसून पाय सरळ उचलणं, टाचा उचलणं, भिंतीला हात लावून दंड मारणं, एका पायावर उभं राहणं. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम हवेतच, पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं टाळायला. सासूबाईंना हात धरून आणायला सून येते. पंधरा दिवसांनी सून मागे उभी राहून टाचा उचलायला लागते. महिन्याने सासूच विचारते, ‘आज का आली नाही गं ती?’

नवऱ्यांना सभेला बोलावून ते येत नाहीत. मी दूध डेअरीवर जाते, सकाळच्या संकलनाला. पुरुष आयते रांगेत असतात. तिथे ‘स्त्रियांचे आरोग्य’ असं काही बोलले तर मान फिरवतील. मी साखरेच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च विचारते, आणि मग सांगते की संध्याकाळी अर्धा तास घरातली बाई चालायला जाईल तेव्हा गोठ्यात तुम्ही बघा. एकदा एकजण म्हणाला, ‘आमची म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाही.’ रांगेतला म्हातारा बोलला, ‘मग सवय लाव. बायको दवाखान्यात पडली तर काय डॉक्टर काढणार का धार?’ माझ्या दहा व्याख्यानांचं काम झालं. त्या म्हशीला नंतर सवय लागली का, ते मी विचारलं नाही.

बायका न सांगता गळतात त्यामागची दोन कारणं तुम्ही स्वतःहून विचारल्याशिवाय कळणार नाहीत.

एक म्हणजे लघवी गळणं. दोन-तीन बाळंतपणं झालेली बाई उडी मारली, खोकली, झपाझप चालली की थेंब जातो. ती कुणाला सांगत नाही, वर्ग सोडते आणि कारण देते पाहुण्यांचं. पहिल्याच आठवड्यात, फक्त बायका असताना, मी सरळ बोलते: ‘खोकल्यावर, हसल्यावर गळतं का? बऱ्याच जणींना होतं, आणि व्यायामाने सुधारतं.’ एकदम शांतता होते, मग कुणीतरी फिस्सकन हसते, आणि वर्ग संपल्यावर पाच जणी थांबतात. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते आवळायचे, पाचेक सेकंद धरायचे, सोडायचे. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा प्रयोग करायचा नाही. ओट्याशी उभं राहून भाकरी थापताना करता येतो, कुणाला कळत नाही. तोवर त्यांना उड्या देऊ नका. तीन महिन्यांनी फरक नाही पडला, किंवा अंग बाहेर येतंय असं वाटलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

दुसरं, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला लवकर धाप लागते आणि आपण तिला आळशी म्हणतो. तुमच्या उपकेंद्रावर तपासणी आहेच. वर्ग सुरू करण्याआधी सगळ्यांचं हिमोग्लोबिन आणि बीपी बघा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर व्यायाम नंतर, आधी वैद्यकीय अधिकारी. आठ ते अकराच्या मधल्यांना लोहाच्या गोळ्या सुरू करून हळू चालणं आणि बसून करायचे प्रकार. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, हे दर वेळी सांगावं लागतं. विश्रांतीतलं बीपी १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. चालताना छातीत दाटून आलं, जबडा किंवा हात भरून आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबून लगेच दवाखाना. ‘पित्त झालं असेल’ म्हणून घरी पाठवायचं नाही. इन्सुलिन घेणाऱ्या बाईच्या कनवटीला साखर किंवा गूळ हवा.

पाळीत आणि गरोदरपणात चालू नये हा समज पक्का आहे. पाळीत अंगाला झेपेल ते सगळं चालतं, उलट ओटीपोटातलं दुखणं कमी व्हायला मदत होते. गरोदरपणी डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला १५० मिनिटांचीच शिफारस आहे. रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर यांवर थांबायचं. हे सासूला सुनेच्या समोर सांगा. नुसतं सुनेला सांगून उपयोग नाही.

ताकदीचे व्यायाम सोडू नका, सगळे सोडतात. चालणं म्हटलं की बायका तयार होतात, ‘ताकद’ म्हटलं की पैलवान आठवतो. वजनं विकत आणायची गरज नाही. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. दोन हातांत दोन बाटल्या, खांद्यापर्यंत दहा वेळा. पाळी कायमची थांबलेल्या बाईच्या हाडांना आणि गुडघ्यांना नुसतं चालणं पुरत नाही; मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचं दुखणं हलकं होतं, हे मी रोज बघते. ‘गुडघे झिजलेत, आता जपून बसा’ हा सल्ला देणाऱ्यांवर मला फार राग येतो. बसल्याने ते अजून धरतात.

दहा हजार पावलांचं भूत कुणाच्या मोबाईलमधून आलं असेल तर उतरवा. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावलं टाकणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० टाकणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. आपल्या मावशींना ‘आजच्यापेक्षा थोडं जास्त’ एवढं पुरे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, पण त्याच्यावर विसंबू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच होता. तुमचा संदेश मुलगा वाचतो. आवाजात पाठवा, अर्ध्या मिनिटाचा, आणि तो तुमच्या आक्कांच्या आवाजात असू दे.

जागा बघा. मैदानावर संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळत असतील तर एकही बाई हात वर करणार नाही. आम्हाला समाजमंदिर मिळालं, पण त्याची किल्ली एका पुढाऱ्याकडे असायची. किल्लीसाठी ग्रामसभेत ठराव करावा लागला. रस्त्यावरचा एक दिवा बंद असल्याने चालणं थांबलेलं मी पाहिलंय. तो दिवा लावून घेणं हेही आरोग्यशिक्षणाचंच काम धरा. पेरणी आणि सुगीला वर्ग उघडपणे बंद ठेवा, परत सुरू व्हायची तारीख सांगून. चोरून गळालेली बाई परत यायला लाजते. सुट्टी मिळालेली येते.

राहिला तुमचा अहवाल. वरून पहिल्या दिवसाची उपस्थिती आणि बॅनरसकट फोटो मागतात, तो द्या, त्याला इलाज नाही. पण स्वतःच्या वहीत सहाव्या आठवड्याचा आणि तिसऱ्या महिन्याचा आकडा लिहा, आणि हजेरीच्या शेजारी एक रकाना वाढवा: ‘का आली नाही’. तो बाईंनीच भरायचा, किंवा सांगायचा आणि आक्कांनी लिहायचा. माझ्या जुन्या वहीतलं एक पान परवा उघडलं. पाहुणे. पाळी. भुईमूग. मिस्टरांचं डोकं फिरलं. पाहुणे. नणंदेचं बाळंतपण. झोप लागली (याच्यापुढे मी चांदणी काढली आहे). आणि एकीच्या नावापुढे सलग नऊ दिवस एकच: चप्पल तुटली. नवव्या दिवशी आम्ही बाजारातून नवी आणली. दहाव्या दिवशी ती आली.